हळदीची व्हॅन

१

सीटखालच्या हत्यारांच्या पेटीचं झाकण निघालं आणि दिग्विजयच्या हातात देवी आली.

म्हणजे आधी आलं एक गाठोडं. जुन्या पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, वरून हळदीनं माखलेलं. कुपवाडहून भंगाराची गाडी दुपारपर्यंत येणार होती. त्याआधी व्हॅनमधलं कामाचं तेवढं काढून घ्यावं म्हणून दिग्विजय सकाळपासून पाने-पकडी घेऊन तिच्यामागं लागला होता. बॅटरी निघाली होती, टेप निघाला होता, डिझेल कॅनमध्ये उतरवून झालं होतं. ड्रायव्हरची सीट उचकटून अंगणात टाकली, पेटी उघडली, तर हे. कुणाच्या तरी जुन्या पान्यांचा संच असेल म्हणून त्यानं गाठ सोडली. आतून जानाईचा चांदीचा मुखवटा उन्हात उघडा पडला. त्यानं तो तापल्या तव्यासारखा खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि बापाला हाक मारली.

बाप म्हणजे बाळासो, गावातला हळदीचा व्यापारी. व्हॅन त्याची, अंगण त्याचं, म्हणून पहिल्यांदा घाम फुटला तोही त्यालाच. गाव गोळा व्हायला वेळ लागला नाही. हा मुखवटा आठ वर्षांपूर्वी जत्रेच्या आदल्या रात्री नाहीसा झाला होता, आणि तेव्हापासून गाव पितळी मुखवट्यावर जत्रा भागवत होतं.

"बगा," शंभूराज अनवाणीच धावत आला आणि व्हॅनच्या दारात उभा राहून म्हणाला, "कुनाच्या गाडीत घावलं ते बगा. तवा ही गाडी कोन चालवत हुतं? नाथाजी. मी आठ वर्सं घसा फोडून सांगतोय."

शंभूराज नाथाजीचा चुलतभाऊ. नाथाजीला गावानं हाकलल्यावर देवीचा मुखवटा उचलायचा मान त्याच्याकडं आला होता. तेव्हा हा घसा नुसत्या भक्तीनं फुटत नव्हता, हे गावालाही कळत होतं. पण आज त्याच्या बोलण्याला पुरावा होता, आणि भावकीच्या हातात पुरावा आला की माणसाचं काही खरं नसतं.

राजेश्वरी पोहोचली तेव्हा लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकत होते. ती गावची पोलीस पाटील. माहेर औंधचं, बोलणं तिखट, आणि कुणाची भीड धरायची सवय नाही. तिचा नवरा उदयसिंह तिच्या आधीच येऊन गर्दी मागं सारत होता. फौजेत सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस, आवाज एकदा चढवला की गर्दी आपोआप दोन पावलं मागं जायची. जागा झाली तसा तो गाठोड्याजवळ वाकला.

"हळद बघ किती बसलीय," तो तिला हळूच म्हणाला. "नाथाजीच्या वक्ताची. तवापासनं हितंच पडून असनार."

राजेश्वरीनं मान हलवली. तिलाही तसंच वाटलं होतं.

"पोलिसांना फोन करते," ती म्हणाली. "तवर त्याला कुनी हात लावायचा न्हाई."

"आनि मी लावला तर?" मागून आवाज आला.

गर्दी फाटली. फाटकात नाथाजी उभा होता.

२

नाथाजी लोणंदहून आला होता, आदल्या दिवशीच. तिथं तो बाजारात हमाली करून जगत होता. आज दुपारी देवळापुढं गावकी बसणार होती आणि तिच्यासमोर तो एकच मागणी ठेवणार होता. माझ्यावरचा चोरीचा डाग पुसा, मला गावात येऊ द्या, माझा मान मला द्या. रात्री देवळाच्या ओवरीत झोपला होता. कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

आता मात्र सगळे विचारत होते. दोघांनी त्याची कॉलर धरली. राजेश्वरी मध्ये पडली नसती तर अंगणातच त्याची हाडं मोडली असती. तिनं त्याला ओढून बाळासोच्या गोदामात नेलं, दार लावून घेतलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. हळदीच्या पोत्यांचा वास नाकात बसत होता.

"नाथाजीदादा, खरं काय ते सांगा. भाईर लोक वाट बघत्यात."

"बघू द्या. आठ वर्सं मी बी बघितलीच की."

"मुखवटा तुमच्या घरातनं गेला."

"गेला. जत्रंच्या आदल्या राती देवी मानकऱ्याच्या घरी वस्तीला असती. आनि देवी घरात असताना दार लावायचं न्हाई, ही रीत. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" तो तुच्छतेनं हसला. "उघड्या दारानं निजलो. सकाळी देव्हारा रिकामा. रीत पाळली म्हनून चोर झालो."

"लोक म्हनत्यात, तुमी गाडीत लपवला आनि परत काडायला जमलं न्हाई."

"गाडीची चावी मी बाळासोच्या बापाच्या हातात दिली आनि मग गाव सोडलं. लपवला असता तर आदी काढून घेतला नसता?"

उत्तर बरोबर होतं, पण चोरही बरोबर उत्तरं देतात. राजेश्वरीनं विचारलं, त्या वेळी कुणाचं वाकडं होतं त्याच्याशी.

"सगळ्यांचंच. मान हाय म्हनल्यावर वाकडं असनारच. शंभूला पायजे हुता. बाळासोच्या बापाला पायजे हुता. तुमच्या मालकानं बी एकदा मागितला हुता, सुट्टीवर आल्यावर. कुनालाच दिला न्हाई. चारचौघांत तोंडावर न्हाई म्हनलो. मान काय वाटायची वस्तू हाय व्हय?"

त्याच्या बोलण्यात नम्रता औषधालाही नव्हती. राजेश्वरीला हा माणूस आवडला नाही. आणि तरी पुढचं वाक्य तो बोलला तेव्हा तिचा जीव कळवळला.

"माज्या आईनं, बनाबाईनं, लोणंदला जीव सोडला. तुमी गावात यायच्या आदीची गोष्ट. गावच्या नदीवर जाळ म्हनली हुती. टेंपो करून आनली. येशीवर आडवलं. चोराची आई म्हनं. परत न्हेली." त्यानं पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळली. "मला मान नको आसंल तर नका देऊ. पन तेवढं नाव माजं धुवून द्या. आईला परत जाळता येनार न्हाई, पन तिच्या नावानं इथल्या नदीत पानी तरी सोडता यील."

राजेश्वरी बाहेर आली. गर्दी व्हॅनपासून दूर, पण नाथाजीच्या जवळ जाण्याच्या तयारीत. तिनं दोन तरण्या पोरांना दारावर बसवलं आणि एकटीच व्हॅनमध्ये चढली. बंद टपाची गाडी, आत हवा कोंडलेली. मोबाइलचा उजेड तिनं हत्यारांच्या पेटीत पाडला.

पेटीत हळद साठलेली असणार हे तिनं धरूनच चाललं होतं. ती होती. तळाला, कोपऱ्यांत, फटींत. पण ती पिवळी नव्हती. सगळा तळ तांबडा झाला होता, वाळलेल्या चिखलासारखा पापुद्रा धरलेला. आणि त्या तांबड्या तळावरून उचललेलं गाठोडं बाहेर पडलं होतं ते पिवळं धमक.

३

"गाडी कुनी धुतली?"

प्रश्न ऐकून मंगल, बाळासोची बायको, आधी भडकलीच. चुलीपुढून उठली ती पदर खोचतच.

"मी धुतली. मग काय मळक्या तोंडानं पाठवू व्हय? घरची लक्ष्मी हाय ती. तिच्या जिवावर ह्या घरानं खाल्लंय."

"कवा?"

"काल. दिवस मावळायच्या आदी. ह्यांना सांगितलं असतं तर हसलं असतं, म्हनून ह्यांच्या माघारी धुतली. हे सांगलीला सौद्याला गेलं हुतं." मंगलनं आवाज खाली आणला. "नारळ वाढवला, हळद-कुंकू लावलं. गाडी म्हातारी झाली म्हनून काय उपकार विसरायचे?"

"कशानं धुतली?"

"धुन्याच्या पावडरीनं. दिग्यानं पाइप धरला. आतनं बी बादल्या मारल्या, सीटखाली सुदिक. पन तुमी हे का इचारताय? आमच्या दारात घावलं म्हनून आमीच चोर व्हय?"

लग्नातल्या हळदीची साडी धुताना साबण लागला की डाग लाल होतो, हे मंगललाही माहीत होतं आणि तिलाही. काल साबणाचं पाणी पेटीत उतरलं, तळातली हळद लाल झाली, रात्र पडायच्या आत वाळली. गाठोडं त्या वेळी आत असतं तर तेही भिजलं असतं, लाल झालं असतं. ते कोरडं होतं, पिवळं होतं. म्हणजे गाडी धुऊन झाल्यावर कुणीतरी ते आत ठेवलं. काल संध्याकाळ आणि आजची सकाळ, एवढ्यातच.

मंगल आणि दिग्विजय या दोघांवरचा संशय इथंच मिटत होता. गाडी आपल्या हातानं धुतलेलं माणूस त्याच धुतलेल्या पेटीत हळद माखलेलं गाठोडं ठेवणार नाही. ठेवणाऱ्याला गाडी धुतल्याचा पत्ताच नव्हता.

अंगणात उदयसिंह उभा होता. तो काल सकाळीच पेन्शनच्या कामाला साताऱ्याला गेला होता आणि उशिरा परतला होता. राजेश्वरीनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. घरचा माणूस, फौजेतला, चार गोष्टी शांतपणे बोलेल असं तिला वाटलं.

"धुतली?" तो म्हणाला. "भंगारात जानारी गाडी कोन धुतं?"

"मंगलकाकी धुत्यात."

तो व्हॅनकडं बघत म्हणाला, "तर मग नाथाजीनंच काल ठेवलं. काल तो गावातच हाय. माल अंगावर घेऊन गावकीपुढं कसा बसनार? दिला टाकून वळकीच्या गाडीत."

हे अगदीच चूक नव्हतं. पण राजेश्वरीला ते पटलं नाही. सगळं गाव ज्या गाडीवरून आपलं नाव घेतं, त्याच गाडीत चोरीचा माल ठेवण्याइतका खुळा माणूस तिला गोदामात भेटला नव्हता. तिखट भेटला होता, गर्विष्ठ भेटला होता. खुळा नव्हे.

तेवढ्यात गोदामाकडून आरडाओरडा झाला. शंभूराजनं दारावरच्या पोरांना हुसकावलं होतं आणि तिघा-चौघांनी नाथाजीला देवळाकडं फरफटत चालवलं होतं.

४

"सोडा त्याला," राजेश्वरी वाटेत आडवी झाली. "न्हाईतर आज पोलीस येतील ते तुमच्यासाठी येतील. वाळीत टाकल्याचा गुन्हा आदीच लागू हाय तुमा सगळ्यांना, ते मी इसरलेली न्हाई."

नाथाजीचा ओठ फुटला होता. त्यानं तिचे आभार मानले नाहीत, नुसता थुंकला. तिनं त्याला परत गोदामात पाठवलं आणि शंभूराजला तिथंच वाटेवर धरलं.

"काल रातच्याला तुमी कुटं हुता?"

"देवळात. कळसाला रंग देत हुतो, मग तिथंच जेवलो. इचारा कुनालाबी." शंभूराज दात खात बोलत होता. "माज्यावर संशव व्हय? आवं, मला काय गरज? दुपारी गावकीत हात वर झालं असतं नि ह्यो गेला असता लोणंदला. गाव माज्याच बाजूला हाय. मला मुखवटा भाईर काडायची काय गरज? माज्याकडं असता तर मी नदीच्या डोहात टाकला असता. आता चांदीचा घावलाय, उद्या लोक म्हनतील, मानकरी बी खरा आना."

बोलणं नीच होतं, पण खरं होतं. शंभूराजचा फायदा मुखवटा न सापडण्यात होता. द्वेष त्याच्याजवळ ठासून भरलेला होता, पण हे काम त्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

मग राहिला बाळासो. तो हळद वाळवायच्या खळ्यावर एकटाच बसला होता, तोंड पाडून. राजेश्वरी त्याच्याशेजारी टेकली.

"आण्णा, एक सांगा. गाडी बंद हाय त्याला वर्स झालं. काल ती धुतली. मग गाठोड्यावर एवढी हळद आली कुठनं?"

"कुनीतरी मारली असंल मूठभर. माज्या अंगनात हळदीला काय तोटा?"

"तेच म्हनते मी. जुनं दिसावं म्हनून मारली. नाथाजीच्या वक्तापासनं पडून हाय असं वाटावं म्हनून."

बाळासोनं तिच्याकडं पाहिलं आणि हसला. सकाळपासून पहिल्यांदाच हसला होता बिचारा.

"पाटलीणबाई, हळद मारून नाथाजीवर कसं यील? नाथाजीनं ह्या गाडीत हळद भरलीच कवा? त्याच्या वक्ताला गूळ हुता. आमचं वडील गुऱ्हाळ चालवायचं, ढेपा घेऊन गाडी कराडला जायाची. नाथाजी गेला, त्याच साली वडील गेलं, गुऱ्हाळ मोडलं, आनि मग मी हळदीत पडलो. ह्या गाडीनं हळदीचं पोतं बघितलं तवा नाथाजी लोणंदला हमाली करत हुता."

राजेश्वरी त्याच्याकडं पूर्ण वळली.

"हे गावात समद्यांना म्हाईत हाय?" तिनं विचारलं.

"शेंबड्या पोराला बी. दारातनं गुळाचा वास यायचा की."

"मला म्हाईत नव्हतं."

"तुमाला कसं असनार?" बाळासो सहज म्हणाला. "तुमी तवा मालकांसंगं पठाणकोटला."

५

ती उठली आणि गोदामामागं, जिथं कुणी नव्हतं, तिथं जाऊन उभी राहिली.

मुद्दा फार अवघड नव्हता. गाठोड्यावर हळद टाकणाऱ्याला ते नाथाजीच्या काळातलं दाखवायचं होतं. म्हणजे नाथाजीच्या काळातही ही हळदीचीच व्हॅन होती, असं तो खरंच धरून चालला होता. गावातल्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती. शंभूराजनं नाही, बाळासोनं तर नाहीच नाही. नाथाजीनं स्वतः तर मुळीच नाही, त्यानं तर गुळाच्या ढेपा खांद्यावर वाहिल्या होत्या. ही चूक करायला गावचं असून गावाबाहेर असावं लागत होतं. सुट्टीपुरतं यायचं, जत्रा बघायची, बंद टपाची एक गाडी रस्त्यानं जाताना बघायची आणि निघून जायचं. मग पुढच्या सुट्टीला तीच गाडी पिवळी दिसते, आणि माणसाच्या डोक्यात ती आधीपासून पिवळीच होऊन बसते.

ही चूक सकाळी तिनं स्वतः केली होती. तिच्याबरोबर आणखी एका माणसानं केली होती, तिच्या कानाशी, हळू आवाजात. दोघांनी ती पठाणकोटच्या एकाच क्वार्टरमध्ये राहून कमावली होती.

आता बाकीचं आपोआप आठवायला लागलं. मुखवटा गेला त्या जत्रेला ते सुट्टीवर आले होते. बर्फातल्या चौकीवरून जिवंत परतलो तर एकदा देवीला डोक्यावर घेईन, असा उदयसिंहचा नवस होता. नाथाजीनं देवळापुढं, लोकांसमोर त्याला नाही म्हटलं होतं. त्या रात्री तो जेवला नव्हता. परतताना आपली फौजेची काळी पत्र्याची पेटी त्यानं स्वतः भरली, आणि तेव्हापासून त्या पेटीची किल्ली तिनं कधी पाहिली नव्हती.

तिला राग आला. मग भीती वाटली. मग एक विचार आला आणि त्याची तिला लाज वाटली, पण आला. भंगाराची गाडी येईल, व्हॅन जाईल, पेटीचा लाल तळ जाईल. नाथाजीला लोणंदची एसटी मिळेल. गाव खूष होईल. तिचं घर शाबूत राहील. त्यासाठी तिला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

रस्त्यावर हॉर्न वाजला. भंगाराची गाडी आली होती.

६

"लोड करू का?" ड्रायव्हरनं विचारलं. त्याला गावच्या देवीशी काही देणंघेणं नव्हतं.

"थांबा," राजेश्वरी म्हणाली.

तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. नाथाजीलाही आणलं. पेटी दाखवली, लाल तळ दाखवला, पिवळं गाठोडं दाखवलं. बायकांना लगेच समजलं, पुरुषांना जरा समजावून सांगावं लागलं. मुखवटा काल संध्याकाळनंतर ठेवलाय, इथपर्यंत सगळे आले, तशी कुजबुज सुरू झाली आणि नजरा पुन्हा नाथाजीकडं वळल्या.

"आता मी एकच सवाल इचारनार हाय," ती म्हणाली. "चौघांना. ज्याला इचारीन त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटायचं. नाथाजीदादा ही गाडी चालवत हुतं, तवा तिच्यात माल काय असायचा?"

"ह्यो काय सवाल झाला?" शंभूराज खेकसला.

"तुमीच सांगा."

"गूळ. आनि काय?"

"दिग्विजय?"

"गूळ, वैनी. लहानपनी मागनं खरवडून खायाचो की आमी."

"नाथाजीदादा?"

"गूळ," नाथाजी म्हणाला. त्याचे डोळे बारीक झाले होते.

तिनं वळायला वेळ घेतला. लग्नापासून तिनं या माणसाला चारचौघांत काही विचारलं नव्हतं. उदयसिंह तिच्याकडंच बघत होता. सवालाचा रोख अजून त्याच्या लक्षात आला नव्हता. पण तीन उत्तरं ऐकून काहीतरी चुकतंय एवढं कळलं होतं, आणि नेमकं काय ते शोधत त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"आवं, सकाळी तुमी मला काय म्हनला हुता?" ती म्हणाली. "कुनाच्या वक्ताची हळद?"

बाळासोच्या तोंडून नुसता श्वास सुटला. मग हळूहळू एकेका माणसाची मान उदयसिंहकडं वळली.

"मला काय म्हाईत, गूळ का हळद?" उदयसिंहचा आवाज चढला, पण कुणी मागं सरलं नाही. "मी हुतो का हितं? मी तवा पठाणकोटला हुतो."

"व्हय," राजेश्वरी म्हणाली. "गावात नव्हतं ते आपन दोघंच. आनि काल ह्या अंगनात मी आलेली न्हाई."

"तू मला... चारचौघांत..."

"काळ्या पेटीची किल्ली द्या. पेटीत मुखवट्याची काय खूण न्हाई घावली तर मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते."

त्यानं किल्ली दिली नाही. अंगणात टाकलेल्या व्हॅनच्या सीटवर जाऊन बसला. बोलला तेव्हा नाथाजीशी बोलला, बायकोशी नव्हे.

"एकदा मागितला हुता मी. आयुष्यात एकदा. माज्यासंगं चौकीवर गेलेली निम्मी पोरं बर्फात ऱ्हायली. नि तू म्हनलास, बंदूक घे म्हनं तू, देवी तुज्या डोक्यावर शोभायची न्हाई. सगळी हसली." तो दात आवळून म्हणाला. "एक रात ठेवून परत देनार हुतो. सकाळी गावानं तुला धरलं. बरं वाटलं मला. मग देता येईना. वितळवायला हात धजेना. आनि तू परत याया निघालास. तू सुटलास तर गाव दुसरा चोर हुडकंल, म्हनून तुज्याच गाडीत ठेवला."

"माजी आई मेली त्यात," नाथाजी म्हणाला.

उदयसिंहनं मान वर केली नाही.

बाळासोनं पुढं होऊन मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि नाथाजीपुढं धरला. "घे गड्या. जत्रंला तुजाच मान. गाव आता काय बोलनार न्हाई."

"गावानं बोलावं म्हनून मी थांबलो न्हाई," नाथाजी म्हणाला. "आनि जत्रंपातुर बी थांबनार न्हाई. आता न्हेतो."

कुणीतरी पंचनाम्याचं काढलं. "पंचनामा देवळात हुईल," राजेश्वरी म्हणाली, "न्हेऊ द्या."

ढोल नाही, हलगी नाही, गुलाल नाही. फुटलेल्या ओठाचा तो माणूस मुखवटा छातीशी धरून भर दुपारी गावातून चालत निघाला. ज्या ज्या घरानं बनाबाईची तिरडी वेशीवर अडवली होती, त्या त्या घरापुढं तो थांबत होता. बोलत काही नव्हता. घरातलं माणूस बाहेर येऊन खाली मान घालेपर्यंत हलत मात्र नव्हता. शंभूराजच्या दारात तो सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला. शेवटी शंभूराजची म्हातारी आई बाहेर आली, तिनं उंबऱ्यावर डोकं टेकवलं, तेव्हा कुठं तो पुढं गेला.

राजेश्वरी अंगणातच राहिली. भंगारवाल्याला तिनं व्हॅन आज मिळणार नाही असं सांगितलं. तो शिव्या घालत रिकामा परत गेला. उदयसिंह सीटवर तसाच बसून होता, आणि मंगल त्याच्याकडं पाठ करून चुलीकडं गेली होती.

सकाळी राहून गेलेला ठाण्याचा फोन राजेश्वरीनं आता लावला. मुद्देमाल मिळाला आहे, संशयित इथंच आहे, गाडी पाठवा. पलीकडच्या हवालदारानं संशयिताचं नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकदाही न अडखळता. मग त्यानं संशयिताचा पत्ता विचारला.

तिनं स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला.